डब्यातल्या तेलाचं वय

इंजिन ऑइलचा किंवा गिअर ऑइलचा जुना कॅन माळ्यावरून खाली आला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. हे तेल जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून होतं, तेव्हा नासलं नाही. मग माळ्यावरच्या पाच-सहा वर्षांत त्याला काय होणार? गॅरेजवाले हे सांगतात, शेतकरी सांगतात, स्पेअर पार्टच्या दुकानातला माणूस तर फारच ठामपणे सांगतो. १९७४ साली मुंबई हायला ज्या चुनखडकात तेल लागलं तो खडक मायोसीन काळातला, म्हणजे ५३ लाख ते २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा. त्यातलं तेल तर त्याहूनही जुन्या थरांतल्या सेंद्रिय गाळातून तयार झालेलं. एवढा टिकाऊपणा पाहिल्यावर कॅनवरची तारीख म्हणजे कंपन्यांची विक्रीची युक्ती वाटली तर नवल नाही.

पण जमिनीखाली होतं ते कच्चं तेल, आणि कॅनमध्ये आहे ते मिश्रण. भूगर्भात त्याला हवा लागत नव्हती, उन्हाळा-पावसाळा लागत नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडून कसलं काम अपेक्षित नव्हतं. शिवाय त्यात जस्त, गंधक, फॉस्फरस यांची बेतून बनवलेली संयुगं, साबणाचे सूक्ष्म कण आणि सिलिकोनचे थेंब कुणी मिसळलेले नव्हते. साठवलेल्या तेलाचा प्रश्न या मिसळलेल्या गोष्टींचा आहे.

इंजिन ऑइलचा मोठा भाग असतो बेस ऑइलचा. मुंबईत माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियमची देशातली सर्वांत मोठी ल्यूब रिफायनरी आहे. असं बेस ऑइल तिथे तयार होतं. उरलेला साधारण दहा ते पंचवीस टक्के भाग ॲडिटिव्हचा. झीज रोखणारं झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट, ज्याला कारखान्यांत नुसतं झेडडीडीपी म्हणतात, ते यात येतं. आम्ल मारणारे डिटर्जंट येतात, काजळी तरंगती ठेवणारे डिस्पर्संट येतात, तापल्यावर तेल फार पातळ होऊ न देणारी पॉलिमर येतात, ऑक्सिडीकरण रोखणारी रसायनं येतात. फेस मारणारं सिलिकोनही येतं. दहा लाख भागांत काही भाग इतकंच, पण ते नसेल तर पंप तेलाऐवजी फेस ओढेल.

बेस ऑइल हवेतल्या ऑक्सिजनमुळे बिघडतं. हायड्रोकार्बनच्या रेणूवर ऑक्सिजन बसतो, पेरॉक्साइड तयार होतात, ती फुटून आणखी रेणूंना लागण करतात, आणि साखळी चालू राहिली की आम्लं आणि चिकट गाळ उरतो. या क्रियेचा वेग तापमानावर ठरतो. दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. इंजिनच्या चेंबरमध्ये, म्हणजे संपमध्ये, तेल १०० अंशांच्या आसपास असतं. घरातल्या फळीवर ३० धरू. ७० अंशांचा फरक म्हणजे सात वेळा दुप्पट, म्हणजे १२८ पट. गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटरने १०,००० किलोमीटर चालली तर तेल २५० तास तापलेलं असतं. त्याला १२८ने गुणलं की ३२,००० तास येतात, म्हणजे साधारण साडेतीन वर्षं.

या हिशेबाने फळीवरचं तेलही साडेतीन वर्षांत गाडीतल्या तेलाइतकंच थकायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही. इंजिनात तेल नुसतं तापत नाही. ते धुक्यासारखं उडवलं जातं, पिस्टनच्या रिंगांजवळ २०० अंशांच्या वर जातं, जळलेल्या वायूतली नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात मिसळतात, आणि लोखंड व तांब्याचे कण ऑक्सिडीकरणाला चिथावणी देतात. सीलबंद कॅनमध्ये यांतलं काहीच नाही. तिथे ऑक्सिजनच मुळात मोजका. एक लिटरच्या कॅनमध्ये वर १०० मिलिलिटर हवा राहिली असेल तर तिच्यात ऑक्सिजन २१ मिलिलिटर, वजनाने ३० मिलिग्रॅमहूनही कमी. तो संपला की पुढचा ऑक्सिजन फक्त झाकणातून आणि प्लॅस्टिकच्या भिंतीतून अत्यंत मंद गतीने झिरपेल तेवढाच. तेलातल्या ऑक्सिडीकरणरोधकांना हे काम जड नाही. म्हणून सावलीत ठेवलेलं, सील न फोडलेलं इंजिन ऑइल ऑक्सिडीकरणाने वाया जाणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. दुकानातला माणूस अर्धा बरोबर असतो तो इथे.

उरलेला अर्धा भाग ॲडिटिव्हचा आहे. सगळी ॲडिटिव्ह तेलात साखरेसारखी विरघळत नाहीत. फेस मारणारं सिलिकोन तर विरघळत नाही म्हणूनच काम करतं. बुडबुड्याच्या पापुद्र्यावर जाऊन तो फोडायचा तर त्याला तेलापासून वेगळंच राहावं लागतं. ते काही मायक्रॉनच्या थेंबांच्या रूपात तेलात पसरलेलं असतं, आणि तेलापेक्षा जड असल्याने हळूहळू तळाकडे जातं. डिटर्जंटची गोष्ट वेगळी. त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात, प्रत्येक कणाभोवती साबणासारख्या रेणूंचं कवच. हे कवच शाबूत आहे तोवर कण तरंगतात. पाणी शिरलं की कवच सैल होतं, कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी पांढरट साका जमतो. वरचं तेल मात्र स्वच्छ, सोनेरी, अगदी नव्यासारखं दिसतं. आमटी न ढवळता वरवरची वाढली तर पानात नुसतं पाणी येतं, तसं इथे कॅनमधून ओतताना होतं: पहिल्या गाडीला औषध कमी पडतं आणि शेवटच्या गाडीत सगळा साका जातो.

गिअर ऑइलमध्ये ही अडचण अधिक तीव्र आहे, आणि त्याला इतिहास आहे. १९२६ साली पॅकार्ड या अमेरिकी मोटारकंपनीने मागच्या ॲक्सलमध्ये हायपॉइड गिअर आणले. त्यात दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतातही. साध्या तेलाचा पापुद्रा तिथे फाटतो आणि पोलाद पोलादाला चिकटतं. त्यासाठी दाबाखाली धातूशी रासायनिक संयोग करून स्वतःचा थर तयार करणारी तेलं लागली. सुरुवातीला शिशाचे साबण आणि गंधक वापरत. आज गंधक आणि फॉस्फरसची संयुगं वापरतात. नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर नाकात जातो तो दर्प या गंधकाचाच. ही रसायनं मुद्दाम चळवळी ठेवलेली असतात, कारण शांत रसायन दात्यावर थर बसवणार नाही. तेलात विरघळून राहण्याची त्यांची तयारीही बेताचीच. अनेक ट्रकच्या ॲक्सलमध्ये लागणाऱ्या जीएल-५ दर्जात त्यांचं प्रमाण मोठं असतं. जीएल-४मध्ये साधारण त्याच्या निम्मं.

गिअर ऑइल साठवणीत फुटतं की नाही, हे पाहण्यासाठी स्वतंत्र प्रमाणित चाचणी आहे, यावरूनच या दुखण्याचं गांभीर्य कळावं. तेलाचा नमुना तीस दिवस अंधारात ठेवतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि तळाशी काय बसलं ते मोजतात. ही अट अमेरिकी लष्कराच्या गिअर ऑइलच्या निकषांत आली, कारण लष्कराचं तेल वर्षानुवर्षं भांडारात पडून राहतं आणि एके दिवशी अचानक लागतं. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या तेलाचंही तेच होतं. फरक एवढाच की त्याच्याकडे सेंट्रिफ्यूज नाही.

आता पाण्याकडे येऊ. माझ्या मते साठवलेल्या तेलाचं सर्वांत मोठं नुकसान वय करत नाही, पाणी करतं, आणि कोकणात व गोव्यात तर याबद्दल शंकाच नको. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, इंजिनं थंड, आणि जेटीजवळच्या शेडबाहेर तेलाचं पीप उभं. बूच घट्ट आहे, पीप लोखंडी आहे, मग आत पाणी जाणार कुठून?

जातं, आणि भरपूर जातं. तेल तापलं की फुगतं. दर अंशाला साधारण दहा हजारांत सात भाग. २०० लिटर तेल दिवसा २० अंशांनी तापलं तर जवळजवळ तीन लिटरने वाढतं. ही वाढ पिंपातल्या वरच्या हवेला दाबते आणि ती हवा बुचाच्या आट्यांमधून हळूच बाहेर पडते. संध्याकाळी तापलेल्या पत्र्यावर पावसाची सर येते, तेल आकसतं आणि आत हवेची ओढ निर्माण होते. उभ्या पिंपाच्या माथ्यावर कडेच्या उंच किनारीमुळे पाण्याचं डबकं साचलेलं असतं आणि बूच नेमकं त्या डबक्यात बुडालेलं असतं. ज्या आट्यांतून दुपारी हवा गेली त्यांतूनच रात्री पाणी आत ओढलं जातं. या क्रियेला पिंपाचा श्वास म्हणतात. एका रात्रीत थेंबभर. पण पावसाळ्यात उघडीप आणि सर यांचा खेळ रोजचा असतो. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. हातपंपाची नळी तळापर्यंत गेलेली असते, त्यामुळे पहिल्या उपशाला तेच वर येतं आणि थेट इंजिनात जातं.

उपाय जुना आहे आणि बिनखर्चाचा आहे. पीप आडवं ठेवायचं, जमिनीला न टेकवता लाकडी बल्ल्यांवर, आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं फिरवायचं. मग दोन्ही बुचांच्या आतल्या बाजूला तेल असतं. आट्या कोरड्या पडत नाहीत आणि हवा-पाण्याला वाट मिळत नाही. उभंच ठेवायचं असेल तर एका बाजूला फळकुट सारून ते इतकं कलतं करावं की माथ्यावरचं पाणी बुचांपासून दूर साचेल, आणि वर ताडपत्री टाकावी. शेडमध्ये ठेवता आलं तर उत्तमच. बंदरांवर आणि बांधकामांच्या ठिकाणी उघड्यावर उभी पिंपं दिसतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण आतलं महागडं तेल केवळ पीप आडवं न केल्यामुळे नासत असतं.

विदर्भात त्रास उलटा. तिथे पाण्याची भीती वर्षातले चार महिने, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापमान पन्नाशीकडे जातं. दहा अंशांचा नियम पुन्हा लावला तर २५ अंशांच्या खोलीपेक्षा ४५ अंशांच्या शेडमध्ये तेल चौपट वेगाने म्हातारं होतं. खिडकीच्या कोनाड्यात, उन्हाच्या तिरिपेत कॅन ठेवू नये. घरातली सर्वांत थंड, कोरडी, अंधारी जागा त्याला द्यावी.

मग मुदत किती? बहुतेक मोठ्या कंपन्या सीलबंद इंजिन ऑइलसाठी साधारण पाच वर्षं सांगतात, काही कमी सांगतात. गिअर ऑइललाही याच पट्ट्यातली मुदत असते, पण तिथे मी स्वतः तीन वर्षांनंतर सावध होईन. ही वर्षं खरेदीच्या दिवसापासून नाही, भरल्याच्या दिवसापासून मोजायची. आपल्याकडे पॅकबंद मालावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं २०११च्या वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. तेव्हा दुकानात किमतीआधी तो महिना वाचावा. खपत नसलेल्या ग्रेडचे कॅन दुकानात दोन-दोन वर्षं बसून असतात, आणि सवलतीच्या ढिगाऱ्यात नेमके तेच असतात.

मुदत संपली म्हणजे तेल संपलं, असा मात्र अर्थ नाही. अमेरिकी लष्कराच्या भांडारात मुदतीचा माल दोन प्रकारांत वाटलेला असतो: एक, ज्याची मुदत संपली की तो बादच, दुसरा, ज्याची तपासणी करून मुदत वाढवता येते. वंगणं सहसा दुसऱ्या प्रकारात मोडतात. ती तारीख म्हणजे कंपनीची हमी जिथे थांबते ती जागा. तिच्यापुढे जबाबदारी आपली आणि तपासणीही आपली.

घरच्या घरी करता येण्यासारखी तपासणी साधी आहे. कॅन हलवण्याआधी तळातलं थोडं तेल नळीने किंवा मोठ्या सिरिंजने काढून काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्यावं आणि उजेडासमोर धरावं. दुधट दिसलं तर पाणी. तळाला साका, गुठळ्या, जेलीसारखे धागे दिसले तर ॲडिटिव्ह फुटलं. डोंगराळ भागातल्या थंडीत तेल नुसतं धूसर दिसू शकतं; बाटली उबदार जागी ठेवून धूसरपणा गेला तर काळजीचं कारण नाही. पाण्याची शंका राहिली तर तवा साधारण १५० अंशांना तापवून विस्तव बंद करावा आणि डोळ्यांना चष्मा लावून त्यावर एकच थेंब टाकावा. तडतडला तर पाणी आहे. गाळ हलवून परत मिसळल्यासारखा दिसला तरी असं तेल मी इंजिनात किंवा गिअरबॉक्समध्ये घालणार नाही. फुटलेलं मिश्रण हाताने हलवून पूर्ववत झालं की नाही, हे डोळ्यांना ठरवता येत नाही.

सील फोडलेल्या कॅनला वर सांगितलेला पाच वर्षांचा हिशेब लागू नाही. त्यात हवा आहे, हवेतली ओल आहे, आणि बहुतेक वेळा गॅरेजमधली धूळही आहे. झाकण घट्ट लावून, त्यावर उघडल्याची तारीख लिहून, वर्षभरात संपवावं. याच फळीवर ब्रेक ऑइलची बाटली असते, आणि तिच्याबाबत तर अजिबात सैलपणा नको. ते ग्लायकोलचं असतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-४ दर्जाच्या कोरड्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असावा लागतो; ठरावीक ओल शोषलेल्या अवस्थेत तो १५५पर्यंत उतरलेला चालतो. घाटात उतरताना ते उकळलं तर पेडल तळाला जातं. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू नये.

तेल रासायनिकदृष्ट्या उत्तम असूनही निरुपयोगी ठरतं, असं एक कारण उरतं, आणि हल्ली तेच जास्त वेळा आडवं येतं. अमेरिकी पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे, म्हणजे एपीआयचे दर्जे कॅनवर असतात. पेट्रोल इंजिनांसाठी एसएन दर्जा २०१० साली आला, एसपी मे २०२०मध्ये. एसएफ दर्जाचं तेल १९८८ नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना योग्य नाही, असं एपीआयच्या तक्त्यातच लिहिलेलं आहे. डिझेलमध्ये परिणाम अधिक गंभीर होतात. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. तेलातल्या धातूंच्या क्षारांची राख त्या गाळणीत साचते आणि काजळीसारखी जळून जात नाही. म्हणून अशा गाड्यांना सीके-४सारखी कमी राखेची तेलं लागतात. सीके-४मध्ये सल्फेटेड राख एक टक्क्याच्या आत ठेवावी लागते. २०१७ साली घाऊक भावात घेतलेलं सीआय-४ या आधीच्या दर्जाचं पीप आज कितीही नितळ दिसलं तरी ते जुन्या ट्रॅक्टरचं तेल आहे, नव्या टेम्पोचं नाही. उलट दिशेने अडचण सहसा येत नाही: नव्या दर्जाचं, योग्य ग्रेडचं तेल जुन्या पेट्रोल गाडीला चालतं. गिअर ऑइलला मात्र ही सवलत देऊ नये. जीएल-५मधलं जादा गंधक काही जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना खातं. कंपनीने जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४च घालावं.

फळीवरच्या तेलाचा हा हिशेब गाडीत भरलेल्या तेलाला लावू नये. पावसाळाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर किंवा २०२०च्या टाळेबंदीत न हललेली कार घ्या; मीटर पुढे सरकलेला नसतो, पण चेंबरमधल्या तेलात आधीच इंधनाचे थेंब, आम्लं आणि ओल मिसळलेली असते, आणि ती बेअरिंगवर काम करत राहते. वर्षातून एकदा तेल बदला, असं कंपन्यांच्या पुस्तिकांत किलोमीटरच्या जोडीने लिहिलेलं असतं ते याचसाठी. गिअरबॉक्समध्ये इंधन जळत नाही, म्हणून तिथलं तेल जास्त टिकतं.

नापास झालेलं तेल फेकायचं कारण नाही. बिजागऱ्या, रहाटाची साखळी, नांगराचा फाळ, गेटचा रूळ अशा गंज धरणाऱ्या कितीतरी जागा शेतात आणि घरात असतात. बांधकामावर सेंट्रिंगच्या पत्र्यांना लावायलाही ते चालतं. इंजिनातून काढलेलं काळं तेल मात्र निराळं. ते २०१६च्या घातक कचरा नियमांखाली येतं आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. ते विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गटारात ओतू नये. रिकामा कॅन भंगारात देण्याआधी त्याला सुऱ्याने मोठं भोक पाडावं आणि झाकण वेगळं टाकावं, कारण शाबूत लेबलचे कॅन पुन्हा भरून विकणाऱ्यांना कच्चा माल इथूनच मिळतो.